‘प्रौढ’ कारवी आणि ‘प्रौढ’ शार्क?

प्रश्न : मुलांच्या मासिकासाठी कारवी हे डोंगरातलं झुडूप आणि ग्रीनलंड शार्क यांच्यावर एकत्र लिहिते आहे. दोघांनाही पुढची पिढी जन्माला घालायला वर्षानुवर्षं लागतात. दोन्हीकडे ‘प्रौढ होते’ लिहिलं, पण वाचताना खटकतंय. दोघांना चालेल असा एकच शब्द आहे का?

उत्तर : ताई, एका शब्दाचा हट्ट सोडा. ‘प्रौढ’ म्हटलं की वाढ पुरी झालेला जीव डोळ्यांपुढे येतो. कारवी तर फुलायच्या आधीच माणसाच्या उंचीची झालेली असते, तिच्या काठ्यांचे कूड घालून लोक शेणाने सारवतात. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली डोंगरच्या डोंगर जांभळे झाले होते. मग बोंडं धरतात, वाळतात, पुढे तडतडून फुटतात आणि बी लांब उडतं. झाड तोवर मेलेलं असतं. तिच्यासाठी ‘फुलोऱ्यावर येते’ हेच लिहा. शेतकऱ्याची ज्वारी पोटरीत येते म्हणजे कणीस पानांच्या आवरणात फुगतं, निसवते म्हणजे ते बाहेर पडतं, घड बाहेर पडला की केळही निसवते. वनस्पतीच्या प्रत्येक टप्प्याला आपल्याकडे शब्द असताना ‘प्रौढ’ कशाला?

शार्कचं वेगळं. २०१६ साली शास्त्रज्ञांनी २८ माद्यांच्या डोळ्यांतली भिंगं तपासली. भिंगाचा गाभा जन्माआधीच तयार होतो आणि पुढे बदलत नाही, म्हणून त्यातल्या कार्बनवरून वय काढता येतं. सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली. मादी चारेक मीटर लांब होते तेव्हा कुठे तिला पिल्लं होऊ शकतात, आणि तेवढं वाढायला सुमारे १५० वर्षं लागतात. ही मादी अंडी बाहेर टाकत नाही, जिवंत पिल्लं देते. तेव्हा ‘दीडशे वर्षांनी विण्याजोगी होते’ असं सरळ लिहा, गाईम्हशींमुळे मुलांना लगेच कळेल. कारवीसारखं एकदाच विऊन तिचं आयुष्य संपत नाही, हेही त्याच परिच्छेदात यायला हवं. तुलनेतला खरा फरक तोच आहे.

आणखी एक उत्तर : शार्कला ‘मुशी’ मात्र करू नका. मालवणकडे मुशी, मोरी म्हटलं की बाजारातली, कालवणातली मासळी आठवते. आर्क्टिकच्या थंड, खोल पाण्यातल्या पाच मीटरच्या जनावराला ‘शार्क’च राहू द्या.

प्रश्नकर्ती : ‘फुलोऱ्यावर येते’ आणि ‘विण्याजोगी होते’ घेतले. ‘निसवणे’ चौकटीत देते, शहरातल्या मुलांनी तो ऐकलेलाच नसणार.