नात रात्री बसून परदेशी बातम्यांचं फुकट भाषांतर करते. करू द्यावं का?

उदगीरकर

नमस्कार मंडळी. माझी नात पुण्यात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवणं झाली की ग्लोबल व्हॉइसेस नावाच्या एका उपक्रमासाठी इंग्रजीतून हिंदीत भाषांतर करत बसते. परवा इथिओपियाचं काहीतरी होतं, त्याआधी मादागास्करचं. पैसे किती देतात विचारलं तर म्हणते, "आजोबा, आम्ही स्वयंसेवक. लिहिणारेसुद्धा आणि भाषांतर करणारेसुद्धा."

आता मी स्वतः जन्मभर जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर. मानधन नावाला. खरी कमाई १५ ऑगस्ट आणि साहेबांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींच्या कमिशनवर. बातमीचं पाकीट संध्याकाळच्या लातूर गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं, वर लाल शाईत 'तातडीचे'. लातूरच्या स्टँडवर पेपरचा पोऱ्या ते उचलायचा. गाडी पंक्चर झाली की आमची तातडीची बातमी परवाच्या अंकात. तर फुकट लिहिणारा माणूस मला पहिल्यापासून संशयास्पद वाटतो. आमच्याकडे फुकट कोण लिहायचं? ज्याला पुढारी व्हायचंय तो, नाहीतर ज्याला कुणाचा तरी काटा काढायचाय तो.

दुसरी बाजू मला कळत नाही असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जगभरचे कॅमेरे आमच्या भागात उतरले होते. ढिगारे, सरणं, रडणाऱ्या बायका टिपल्या आणि गेले. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये लोकांनी उन्हाळे कसे काढले, हे लिहायला आम्ही अर्ध्या कॉलमवालेच उरलो. म्हणजे गावातल्या माणसाने लिहावं हे पटतं. पण त्या देशांत लिहिलं म्हणून आत टाकतात म्हणे. मग पैसे नाहीत, वर तुरुंग, तरी का लिहितात? खरं-खोटं तपासतं कोण? कुणाला प्रत्यक्ष माहिती असेल तर सांगा. ऐकीव नको.

मिठाचा खडा

काका, फुकट काही नसतं. या संस्थांना अमेरिकेतल्या मोठमोठ्या प्रतिष्ठानांच्या देणग्या असतात. वरच्या संपादकांना पगार, खालची पोरं 'स्वयंसेवक'. वर आफ्रिकेचा आवाज वगैरे भाषा. नातीला सांगा, हिंदी भाषांतराचा बाजारात शब्दाला दर आहे, तो घे.

भटक्या मास्तर

उदगीरकर काका, मी इथिओपियात शिकवायला होतो. ओरोमिया प्रांतातलं एक सरकारी विद्यापीठ. त्या काळात तिथे कुठल्याही विद्यापीठात गेलात तरी भारतीय मास्तर भेटायचेच. आमच्या मजल्यावर आंध्र, तमिळनाडू, मी आणि सोलापूरचे एक गणिताचे सर. त्यामुळे जे सांगतो ते जवळून पाहिलेलं, निदान शेजारून.

आधी तिथली तेव्हाची हवा सांगतो. टीव्ही सरकारी. फोन कंपनी एकच, तीही सरकारी, आणि इंटरनेट तिच्याच हातात. एखादा ब्लॉग बंद करायला कोर्ट-कचेरी लागत नसे, एक दिवस तो उघडायचाच नाही, बस. विद्यार्थ्यांचे 'एकाला पाच' असे गट पाडलेले, प्रत्येक गटाला एक म्होरक्या. कागदावर ते अभ्यासगट. वर्गात कोण काय बोललं ते पुढे कुठवर पोचतं, हे पोरांना पक्कं ठाऊक. माझ्या वर्गात एक मुलगा होता, इंग्रजी फर्डं, कुठल्याही विषयावर बोलायचा. राजकारण निघालं की हा बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. विषय बदलेपर्यंत नाडी बांधून व्हायची नाही.

अशा देशात २०१२ च्या मे महिन्यात अदिस अबाबातल्या काही तरुणांनी 'झोन नाइन' नावाचा ब्लॉग काढला. तिथल्या कालिटी तुरुंगाचे आठ विभाग होते, उरलेला देश हा नववा, असा त्या नावात टोमणा. धंद्याने पत्रकार यांच्यात जवळपास कुणी नाही. झेलालेम किब्रेत अंबो विद्यापीठात कायदा शिकवायचा, महलेत फंताहुन आरोग्य मंत्रालयात आकडेवारीचं काम करायची, कुणी इंजिनिअर, कुणी बँकेत. लिहायचे काय, तर 'घटनेत लिहिलंय ते पाळा.' पहिली मोठी मोहीम त्यांनी याच मागणीवर चालवली. सरकार उलथवायची भाषा नव्हती हो, आपल्याकडे निवृत्त शिक्षक वाचकांच्या पत्रात लिहितात तेवढंच. तरी काही आठवड्यांत ब्लॉग देशात दिसेनासा झाला. मग मंडळी फेसबुकवर गेली. त्यांतले काही जण तुमच्या नातीच्या त्याच ग्लोबल व्हॉइसेससाठीही लिहीत, भाषांतरं करत.

पाळत वाढली तेव्हा सात महिने गप्प बसले. २३ एप्रिल २०१४ ला जाहीर केलं की पुन्हा लिहायला लागतोय. २५ च्या संध्याकाळी धरपकड सुरू. सहा ब्लॉगर, तीन पत्रकार. नेऊन माएकेलावीत, म्हणजे अदिसमधल्या पोलीस तपासाच्या कोठडीत टाकलं. ते नाव तेव्हा तिथे हळू आवाजात घ्यायचे. जुलैत २००९ च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली आरोप ठेवले. आरोपांत एक गोष्ट अशी की यांनी फोन-ईमेल सुरक्षित कसे वापरावे याचं प्रशिक्षण घेतलं. पाळत ठेवणाऱ्यांनीच पाळतीपासून जपल्याचा गुन्हा लावला!

आणि एप्रिलातल्या त्या धरपकडीच्याच आठवड्यात आमच्याकडे पेटलं. राजधानीची हद्द आसपासच्या ओरोमो समाजाच्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर सरकवणारा आराखडा आला होता, त्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर. अंबोत गोळीबार झाला, पोरं मेली. आम्हा परदेशी मास्तरांना निरोप आला, क्वार्टर सोडू नका. संध्याकाळी टीव्ही लावला तर नाइलवरच्या धरणाचं काँक्रीट चाललेलं. बातमी आम्हाला कळली ती भाजी आणून देणाऱ्या पोराच्या मोबाईलवरच्या फोटोंतून. हेच फोटो पुढे अमेरिकेतल्या मिनेसोटात बसलेल्या ओरोमो मंडळींच्या चॅनलवर. काका, तुमच्या 'तपासतं कोण' चं उत्तर इथे आहे. एक फोटो आमच्याच गेटवरचा म्हणून फिरत होता आणि आमच्या गेटला तसली कमानच नव्हती. गोळीबार खरा, फोटो भलतीकडचा. दोन्ही एकाच वेळी. सरकारने मान्य केलेला मृतांचा आकडा आणि लोकांच्या तोंडचा आकडा यांत मोठी तफावत होती, आणि मध्ये बसून शांतपणे मोजणारा माणूस नव्हता, कारण मोजू शकणारे नेमके आत होते.

म्हणून 'फुकट की पैशाने' याने मला फारसा फरक वाटत नाही. लिहिणाऱ्याच्या मागे डेस्क, म्हणजे मजकूर तपासणारे संपादक आहेत का, हे मी बघतो. झोन नाइनची पोरं आत गेल्यावर त्यांच्या जगभरच्या सोबत्यांनी विषय सोडला नाही. लेख किती तरी भाषांत गेले. एंडाल्क चाला हा त्यांच्यातलाच, तेव्हा अमेरिकेत शिकत होता म्हणून वाचला, तो लिहीत राहिला. कोर्टाच्या तारखा टिपणारा एक वेगळा ब्लॉग चालला. तारीख पे तारीख आपल्याला नवी नाही, पण प्रत्येक तारखेला काय झालं हे कुणीतरी लिहून ठेवतंय, याचा सरकारला जाच होतो. जुलै २०१५ मध्ये पाच जण अचानक सुटले, ऑक्टोबरात उरलेले. लेखांमुळे सुटले असं मी म्हणणार नाही. जुलैच्या अखेरीला ओबामा अदिसला उतरायचे होते, त्या विमानाचा वाटा मोठा. पण ही नावं जगात कुणालाच ठाऊक नसती, तर विमान येऊन गेलं असतं आणि पोरं आतच राहिली असती, एवढं मला वाटतं.

पुढचंही सांगतो, नाहीतर ही सत्यनारायणाची पोथी व्हायची. २०१८ ला अबिय अहमद पंतप्रधान झाले, दोनशेहून जास्त बंद संकेतस्थळं खुली झाली, सगळे हुरळले. नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्राय युद्ध सुरू झालं आणि त्या अख्ख्या प्रांताचे फोन-इंटरनेट तोडले. तिथल्या मेकेले शहरात माझा एक जुना सहकारी होता, महिनोन् महिने त्याचा पत्ता नाही. तिकडून काही बाहेर येत नव्हतं आणि फेसबुकवर दोन्ही बाजूंचा नुसता चिखल. 'नागरिक पत्रकार' म्हणवणारे त्यातही होते, दोन्हीकडून.

सुईदोरा

मास्तरांनी सांगितलेल्या भलतीकडच्या फोटोवरून आठवलं. २०११ मध्ये सीरियात उठाव चालू असताना 'दमास्कसमधली समलिंगी मुलगी' म्हणून एक ब्लॉग तुफान गाजला होता. तिला पळवून नेल्याची बातमी आली तेव्हा जगभर लोक हळहळले, सुटकेच्या मोहिमा निघाल्या. निघालं काय? एडिनबरोत शिकणारा एक अमेरिकन गृहस्थ घरी बसून ते सगळं रचत होता. फोटो लंडनमधल्या भलत्याच बाईचा. मोठमोठी वर्तमानपत्रं फसली. पोल खोलली ती बऱ्याच अंशी नेटवरच्याच चिकाटीच्या लोकांनी. 'तिला प्रत्यक्ष भेटलेला एक तरी माणूस दाखवा' एवढा साधा प्रश्न त्यांनी धरून ठेवला.

मिठाचा खडा, पगाराचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. ग्लोबल व्हॉइसेस २००४ च्या डिसेंबरात हार्वर्डमधल्या ब्लॉगरांच्या एका बैठकीतून उभं राहिलं. रिबेका मॅकिनन आधी सीएनएनची बीजिंगची ब्युरो प्रमुख होती, तिच्याबरोबर ईथन झुकरमन. प्रतिष्ठानांच्या देणग्या घेतात, प्रादेशिक संपादकांना थोडेफार पैसे मिळतात, बाकी स्वयंसेवक. यात लपवलेलं काही नाही. भाषांतराची गंमत अशी की ते कुणी ठरवून सुरूच केलं नाही. मजकूर मुक्त परवान्याचा, म्हणजे कुणीही भाषांतर करून छापावा असा, म्हणून तैवानच्या एका ब्लॉगरने स्वतःहून चिनीत आणायला घेतला आणि मग इतर भाषांचे लोक जमत गेले.

पैसे देऊनही हे चालतं, हेही काकांनी बघावं. मी म्हापशाला राहते. इथे गोव्यात ऑफिस असलेली व्हिडिओ व्हॉलंटिअर्स ही संस्था खेड्यापाड्यातल्या लोकांना कॅमेरा शिकवते आणि व्हिडिओमागे मानधन देते. नावात व्हॉलंटिअर असून! मला ही पद्धत जास्त आवडते. ज्याच्या घरी रोजंदारी आहे तो फुकट किती दिवस लिहील? फुकटच्या मैदानात शेवटी पोट भरलेलेच उरतात, आणि मग गरीब देशाच्या बातम्या म्हणून त्या देशातल्या इंग्रजी बोलणाऱ्या शहरी पोरांच्या बातम्या आपण वाचतो. मास्तर, तुमच्या झोन नाइनवाल्यांकडे बघा. प्राध्यापक, इंजिनिअर, बँकवाले. भाजी आणणारा पोरगा त्यात नाही.

भटक्या मास्तर

मान्य. फोटो त्याचा, नाव मात्र कुठेच नाही. अर्थात नाव नव्हतं म्हणूनच तो दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आला.

उदगीरकर

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं लिहिणं नातीला वाचून दाखवलं. मग तिला म्हटलं, तुझं डेस्क कुठाय ते दाखव. तिने परवाचं भाषांतर काढलं. मूळ मजकुरात होतं की प्रत्यक्षदर्शींच्या म्हणण्यानुसार सैनिकांनी गोळ्या झाडल्या. बाईसाहेबांनी प्रत्यक्षदर्शी गाळून सरळ सैनिकांनी गोळ्या झाडल्या असं ठोकून दिलेलं. संपादिकेने ते परत पाठवलं, शेजारी एक ओळ: 'हे तू पाहिलंस का?' मला फार बरं वाटलं. आमच्या लातूर ऑफिसातले उपसंपादक याच कारणासाठी बातमी तोंडावर फेकायचे, शिव्या वेगळ्या.

तेव्हा तिला थांबवत नाही. फक्त एक शंका. तिचं नाव भाषांतराखाली छापतात. उद्या नोकरीला, व्हिसाला काही अडचण? आणि त्या लिहिणाऱ्या पोरांशी ती फेसबुकवर बोलायला बघते, ते बरं का?

भटक्या मास्तर

भाषांतराखाली नाव असण्यात पुण्यात बसून फारसं काही बिघडत नाही. कधी इथिओपियाला जायचं ठरवलं तर आधी संपादकांशी बोलून घ्यावं. लिहिणाऱ्यांशी थेट मैत्री मात्र जपून. आपली एक उत्साही कॉमेंट तिकडे त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून कागदावर चढू शकते. काही विचारायचं तर संपादकांमार्फत विचारावं. कुणाचा नंबर पुढे ढकलू नये. कुणी टोपणनावाने लिहीत असेल तर खरं नाव शोधायच्या फंदात अजिबात पडू नये, कौतुकापोटीसुद्धा नाही. आणि फोटो बाहेरून आला असेल तर दुकानाच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा, सावल्या बघायची सवय लावा म्हणावं. आमच्या गेटची कमान अशीच पकडली होती.

मिठाचा खडा

आणि मानधनाचं?

उदगीरकर

ती माझ्या खांद्यावरून वाचतेच आहे. म्हणते, व्हिडिओमागे पैसे मिळतात तर लेखामागे का नाही, हे संपादिकेला ईमेल करून विचारते. मसुदा मी तपासून देणार आहे.