ग्रंथालयातून आणलेल्या ऑडिओमॉथमध्ये वटवाघळं येत नाहीत

रातवा: पुस्तकासारखाच ग्रंथालयाच्या कार्डावर ऑडिओमॉथ मिळाला, दोन आठवड्यांसाठी. आवाज टिपणारं, काड्यापेटीहून जरासं मोठं यंत्र, ३ एए बॅटऱ्या, एक मेमरी कार्ड. काल रात्री झाडाला बांधला. सकाळी ऐकलं तर रातकिडे आहेत, घुबड आहे, वटवाघूळ एकही नाही. माझ्या डोळ्यांदेखत डोक्यावरून जात होती! यंत्र बिघडलंय का?

रानवाट: बिघडलेलं नाही, परत करू नका. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ असणार. त्यात निम्म्याच्या, म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वरचं उमटतच नाही आणि बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांच्या हाका त्याहून वरच्या. ३८४ करा. मग फाइल तासाला पावणेतीन जीबी होते, म्हणून सूर्यास्तानंतरचे दोन-तीन तासच लावा. आणि कानांनी शोधू नका, स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र) उघडा. उतरत्या बारीक रेघांची रांग दिसली की तेच.
बॅटऱ्या बदलल्यावर घड्याळ पुन्हा लावा. मी एकदा विसरलो आणि नऊ रात्रींच्या नोंदी वाया गेल्या. कोणती हाक केव्हाची, काही कळेना. अजून हळहळ वाटते.

पाणकोंबडी: पायवाटेपासून लांब बांधा, लोकांचं बोलणं टिपलं जातं. परत देताना मेमरी कार्ड पुसा, पण आधी स्वतःकडे प्रत घ्या.

रातवा: ३८४ केलं. पहिल्याच तासात रेघा दिसल्या! आठ मिनिटं नुसता बघत बसलो.