जिमची घाई नको

न्यूमोथोरॅक्ससाठी, म्हणजे फुप्फुसातून हवा गळून छातीत साठते आणि फुप्फुस आकसतं त्यासाठी, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाल्यावर जिम कधी सुरू करू, असं एकाने विचारलंय. चालणं आणि श्वासाचे व्यायाम लगेच, पण वजनं उचलायला सर्जनचा होकार येईपर्यंत थांबाच. काही आठवडे जातात. भरलेली बादली उचलतानाही आपण नकळत श्वास रोखतो, नेमका तोच ताण नको. टाक्यांपासून पुढे छातीवर बधिरपणा, मुंग्या, शर्ट घासला तरी चुरचुरणं, हे बरगड्यांमधल्या नसा दुखावल्यामुळे होतं आणि काही महिने रेंगाळू शकतं, त्याला घाबरू नका. मात्र अचानक कळ येऊन दम लागला तर तडक इमर्जन्सी गाठा. विमानप्रवास एक्स-रे बघून डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. स्कूबा डायव्हिंग बहुतेकांना कायमचं बंद. आणि सिगारेट ओढत असाल तर कळकळीने सांगतो, आजच सोडा. तिच्यामुळे न्यूमोथोरॅक्स पुन्हा उलटण्याचा धोका वाढतो.