मदत हवी आहे : आयसोकॉन लाँग चेअरच्या दुरुस्तीविषयी

लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील लॉन रोड फ्लॅट्स ही वास्तुरचनाकार वेल्स कोट्स यांनी आखलेली इमारत 1934 मध्ये उभी राहिली. ती उभारून घेणाऱ्या जॅक प्रिचर्ड यांच्या आयसोकॉन या फर्निचर कंपनीसाठी रचनाकार मार्सेल ब्रॉयर यांनी 1936 च्या सुमारास प्लायवूडची जी लांबलचक आरामखुर्ची (लाँग चेअर) घडवली, त्याच नमुन्याची एक जुनी खुर्ची अलीकडे माझ्याकडे आली आहे. ब्रॉयर यांनी आधी हीच कल्पना अ‍ॅल्युमिनियममध्ये राबवली होती. धातूऐवजी लाकूड वापरल्याने खुर्ची घरात शोभू लागली, असे माझे मत आहे. बैठकीचे अखंड वळण तर पाहतच राहावे असे आहे.

अडचण अशी आहे की गुडघ्यांखालच्या वळणावर प्लायवूडचे थर एकमेकांपासून सुटू लागले असून तिथे नखाची कड सहज आत जाते. स्थानिक सुताराने फेव्हिकॉल भरून क्लॅम्प लावण्याचा सल्ला दिला, पण मूळचा सरस कोणत्या प्रकारचा आहे हे कळल्याशिवाय त्यावर दुसरे काही चढवणे मला धोक्याचे वाटते.

प्रिचर्ड यांनी 1963 मध्ये हे उत्पादन पुन्हा सुरू केले होते, त्यामुळे माझी खुर्ची दुसऱ्या महायुद्धापूर्वीची आहे की नंतरची, हे सांध्यांवरून किंवा लाकडावरून कसे ओळखावे? तसेच जुन्या वाकवलेल्या प्लायवूडचे जतन केलेल्या कोणी, मूळ पॉलिश न खरवडता सुटलेले थर कसे बसवावेत, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे. वळणाची जवळून घेतलेली छायाचित्रे मी पाठवू शकेन.