‘सुएन्यो’: झोप की स्वप्न?

स्पॅनिशमध्ये ‘सुएन्यो’ म्हणजे स्वप्न, तर मग ‘तेंगो सुएन्यो’चा अर्थ ‘मला झोप येतेय’ असा कसा, हे तुम्ही विचारलंत. मी शिकत होते तेव्हा मलाही हे फार छळायचं. खरं तर हे दोन शब्द होते. लॅटिनमध्ये झोपेला ‘सोम्नुस’ आणि स्वप्नाला ‘सोम्नियुम’. स्पॅनिशमध्ये येईपर्यंत दोन्हींचे उच्चार झिजत झिजत एकच झाले, अर्थ मात्र दोन्ही राहिले.

‘तेंगो’ (माझ्याकडे आहे) सोबत फरक ओळखायला मधल्या ‘उन’कडे, म्हणजे ‘एक’कडे बघा. ‘तेंगो सुएन्यो’ म्हणजे डोळे मिटायला लागलेत. ‘तेंगो उन सुएन्यो’ म्हणजे माझं एक स्वप्न आहे. अनेकवचनात, ‘सुएन्योस’, बहुतेक वेळा स्वप्नंच.

पण काही ठिकाणी संदर्भही सोडवत नाही. स्पॅनिश चित्रकार गोयाचं 1799 सालचं ते प्रसिद्ध चित्र आठवा: मेजावर डोकं टेकून झोपलेला माणूस, मागून अंगावर येणारी घुबडं नि वटवाघळं. मेजाच्या बाजूवरच लिहिलंय, ‘एल सुएन्यो दे ला रासोन प्रोदुसे मोन्स्त्रुओस’. विवेक झोपला की राक्षस जन्मतात, की विवेकाच्या स्वप्नातूनच ते जन्मतात? दोन्ही वाचनं टिकतात, आणि मला वाटतं एकच निवडलं तर चित्र अर्धं होतं.

आणि हे आपल्याला परकं नाही बरं का! ‘सोम्नुस’ आणि आपला ‘स्वप्न’ एकाच मुळातले. संस्कृतात ‘स्वप्न’ म्हणजे झोपसुद्धा. मराठीत तेवढा अर्थ गळाला.