"साधं की बिसलेरी?" हॉटेलात प्यायचं पाणी फुकट मिळायलाच हवं का?

भरकटलेला_पुणेकर
रविवारी आईला घेऊन बाणेरच्या एका कॅफेत गेलो होतो. तिची गोळी जेवणाआधीची असते म्हणून बसल्या बसल्या पाणी मागितलं, तर पोरगा म्हणतो "आंटी, रेग्युलर वॉटर आम्ही ठेवतच नाय, बॉटल येईल". बाटली ९० रुपये. आईनं शांतपणे विचारलं, "मग त्या समोरच्या बेसिनला येतंय ते काय आहे रे बाळा?" पोरगा ओशाळला बिचारा, त्याचा काय दोष. दोन बाटल्या घेतल्या, बिलात त्यावर जीएसटी आणि वर सर्व्हिस चार्जपण! म्हणजे बाटलीचं झाकण फिरवल्याबद्दल दहा टक्के. तो मी भांडून काढायला लावला, पण पाण्याचे गेले ते गेलेच.

बाटली विका की, कोण नको म्हणतंय. पण साधं पाणी ठेवायचंच नाही ही कसली पॉलिसी? आपल्याकडे दारात कुरिअरवाला आला तरी आधी पाणी विचारतात.

गल्ल्यावरचा
माझं स्वतःचं हॉटेल आहे, मिसळ आणि राईसप्लेट, बावीस टेबलं. पाणी फुकटच देतो, पहिल्यापासून. पण "फुकट" हा शब्द ऐकला की हसू येतं. उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी दुपारपर्यंत संपतं, मग टँकर, मार्चमध्ये एक भाव आणि मेमध्ये त्याचा दीडपट, घासाघीस केली तर म्हणतो उद्या बघू. वर फिल्टरची कँडल, कूलरचं बिल, ग्लास विसळायला वेगळा माणूस, आणि ग्लास विसळायला परत पाणी लागतंच, प्यायलेल्यापेक्षा जास्तच जातं. गिऱ्हाईकाची तऱ्हा सांगतो, सहा जण येतात, पोऱ्या सहा ग्लास भरून ठेवतो, दोघं पितात, चार ग्लास तसेच मोरीत. जाताना गाडीतली दोन लिटरची बाटली काढून म्हणतात "जरा भरून दे रे". एक चहा घेऊन.

आता कॅफेवाल्याचा विचार करा. भाडं माझ्या चौपट, आणि एक कॅपुचिनो घेऊन चार तास लॅपटॉप उघडून बसणारी जनता. तो कुठून काढणार सांगा?

भरकटलेला_पुणेकर
@गल्ल्यावरचा भाडं कॅपुचिनोत लावलेलंच असतं ना, २६० रुपयांची कॅपुचिनो काय दूध महाग म्हणून आहे का? तेच भाडं परत पाण्यात कशाला?

माजी_कॅप्टन
आतली गोष्ट सांगतो. एका फाईन डाईनला सात-आठ महिने काम केलंय, तिथे ट्रेनिंगच होतं की "साधं" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. टेबलापाशी जाऊन हसून विचारायचं "सर, चिल्ड की नॉर्मल?" बस्स. गिऱ्हाईकाला वाटतं पाणी थंड हवं का विचारतोय, तो म्हणतो चिल्ड, तोवर आपण सील फोडून ओतायला सुरुवात केलेली असते. एकदा ओतलं की बिलात. दर शिफ्टला किती बाटल्या गेल्या ते मॅनेजर मोजायचा. एक आजोबा मात्र वस्ताद होते, त्यांनी सरळ सांगितलं, "नळाचं. माठातलं असेल तर अजून बरं." मनात म्हटलं जिंकलास बाबा.

कायदा_कोळून_प्यालेला
लोकहो, एवढं कशाला, १८६७ च्या सराय कायद्यानुसार पंचतारांकित हॉटेलनेसुद्धा कोणालाही फुकट पाणी द्यावंच लागतं आणि बाथरूमपण वापरू द्यावं लागतं. दाखवा त्या कॅफेवाल्याला.

वकिलीणबाईंचा_नवरा
व्हॉट्सअ‍ॅप कमी वाचा साहेब. सराय म्हणजे प्रवाशांना उतरायची जागा, धर्मशाळा टाईप. कायदा खरा आहे, पण त्याच्या जोरावर बाणेरच्या कॅफेत जाऊन ओरडलात तर तो मॅनेजर गूगल करून तुमचंच हसं करेल.

उलट हॉटेलवाल्यांच्या बाजूचा निकाल आहे. डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटला बाटलीबंद पाण्यावर एमआरपीपेक्षा जास्त घेता येतं, कारण गिऱ्हाईक नुसतं पाणी विकत घ्यायला येत नाही, जागा, एसी, टेबल, सर्व्हिस सगळं आलं त्यात. म्हणजे ९० लावले म्हणून तक्रार टिकणार नाही. सर्व्हिस चार्जचं मात्र बरोबर केलंत, तो सक्तीने लावता येत नाही, २०२२ च्या गाइडलाइन्स आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही त्या उचलून धरल्या.

भरकटलेला_पुणेकर
म्हणजे जागेचे पैसे बाटलीत घेतले आणि परत सर्व्हिस चार्जही लावला. वा. एकाच म्हशीचं दोनदा दूध.

म्युनिकची_सून
इथे जर्मनीत रेस्टॉरंटमध्ये नळाचं पाणी मागितलं तर वेटर असं बघतो की जणू त्याची किडनी मागितली. नळाचं पाणी एकदम मस्त असतं, घरी तेच पितो, तरी हॉटेलात पाणी विकतच घ्यायचं, कधीकधी बिअरच्या भावात. बॉर्डर ओलांडून फ्रान्सला गेलं तर नुसतं मागितलं तरी जग भरून पाणी फुकट येतं, आणि २०२२ पासून तर तिथे फुकट पाणी मिळतं असं लिहून लावावंही लागतं. स्पेनमध्येपण त्याच वर्षी कायदा झाला, प्लास्टिकचा कचरा कमी करायच्या नावाखाली. इंग्लंडात दारूचं लायसन असलेल्या जागेनं मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यायलाच हवं. सासूबाई आल्या होत्या तेव्हा इथलं बिल बघून म्हणाल्या, "पुढच्या वेळी पर्समध्ये फुलपात्र घेऊन येते."

सिंहगड_रोडवाली
युरोपचं ठीक आहे हो, तिथे नळाला तोंड लावता येतं. आमच्या भागात जानेवारी २०२५ ला जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पडतात तो आजार) साथ आली होती, किरकटवाडी, पुण्याजवळचं नांदेड गाव, धायरी. आमच्या सोसायटीतला एकजण व्हेंटिलेटरवर होता. तेव्हापासून मी बाहेर साधं पाणी पीत नाही, मुलांना तर नाहीच. फुकट असो नाहीतर सोन्याच्या पेल्यात असो. सील तोडलेलं डोळ्यांनी बघते मग पिते.

माजी_कॅप्टन
ताई, पटतं, पण त्याच साथीत महापालिकेनं खासगी आरओ प्लांटही सील केले होते, ज्यांचे ते वीस लिटरचे जार येतात ना, त्यातले. आणि एक सांगा, तुम्ही बाहेर सोलकढी पिता का? चटणी खाता? लिंबू सरबतातला बर्फ? ते कुठल्या पाण्याचं असतं? नियमाप्रमाणे किचनमध्ये वापरायचं पाणी पिण्यालायकच असलं पाहिजे. मग जे चटणीत चालतं ते ग्लासात का चालत नाही? आणि ग्लासात चालत नसेल तर त्या चटणीचं काय करायचं?

सिंहगड_रोडवाली
आता चटणीपण बंद करायला लावता का.

गल्ल्यावरचा
🙏 कॅप्टनसाहेब बरोबर बोलले पण धंदा बसवाल आमचा.

लातूरचा_पाव्हणा
तुमचं चालू द्या. आमच्याकडं २०१६ ला पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी जमू नये म्हणून १४४ कलम लावलं होतं, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. स्टेशनवर लोक गाडी बघायला गेले होते, मीपण गेलो, दहा टाक्या, पाच लाख लिटर, आणि आमच्या म्हातारीनं हात जोडले गाडीला. त्यामुळं मला ग्लासभर पाणी मोरीत गेलेलं बघवत नाही. मागं २०१८ च्या सुमारास पुण्यातली हॉटेलं अर्धाच ग्लास भरून द्यायला लागली होती, तेव्हा लोक चिडले की कंजूस आहेत. मला तर तीच रीत आवडली होती. फुकट द्या, पण अर्धा ग्लास द्या, लागलं तर परत मागेल की माणूस.

ओंजळ
मला वेगळंच आठवलं. आमचे आजोबा सांगायचे, गावच्या चहाच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप वेगळा, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला, आपणच धुवायचा आणि परत तिथेच ठेवायचा. पाणी मागितलं तर हॉटेलवाला उंचावरून ओतायचा, ओंजळीत, तांब्याचा हाताला स्पर्श नको म्हणून, अर्धं पाणी कोपरावरून खाली. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी प्यायल्यानंतरही कितीतरी वर्षं हे असंच चालू होतं. म्हणून टेबलावर सगळ्यांसाठी एकच स्टीलचा जग आणि कोणीही उचलावा असा ग्लास दिसला की मला ते साधं वाटत नाही. तो जग उचलून त्या जागी ९० ची बाटली ठेवली, म्हणजे कोणी आत बसायचं हे परत कोणीतरी ठरवायला लागलंय.

कायदा_कोळून_प्यालेला
कॅपुचिनोच्या गप्पांत जात कुठून आली भाऊ?

ओंजळ
कॅपुचिनोत नाही, पाण्यात आली. तिथे ती आधीपासूनच होती.

भरकटलेला_पुणेकर
@ओंजळ हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी नव्वद रुपयांवर चिडलो होतो.

@लातूरचा_पाव्हणा अर्ध्या ग्लासचं एकदम मान्य. त्यापेक्षा पोऱ्यानं ग्लास भरूच नयेत, जग ठेवावा, ज्याला लागेल तो घेईल. @गल्ल्यावरचा तुमचे चार ग्लास वाचतील.

गल्ल्यावरचा
जग ठेवला की त्यात लोक हात धुतात साहेब. शपथ. पण बघतो चार टेबलांवर करून.

सिंहगड_रोडवाली
तुमच्याकडे पाणी कुठलं? नळाचं, टँकरचं की जारचं?

गल्ल्यावरचा
सकाळी नळाचं, दुपारनंतर टँकरचं, दोन्ही फिल्टरमधून. लॅबचा रिपोर्ट आहे, ड्रॉवरमध्ये.

सिंहगड_रोडवाली
ड्रॉवरमध्ये कशाला? भिंतीवर लावा, कूलरच्या वर, तारखेसकट. मग येते मुलांना घेऊन, चटणीपण खाते.