'वाचकांनीच मारलं' म्हणे!

शाईचा_डाग

कालच्या धाग्यात रोखठोक यांनी लिहिलंय: "जुन्या अमेरिकन कॉमिक्समधली जी पात्रं चार-पाच अंकांत गुंडाळली गेली, ती त्याच लायकीची होती. वाचकाने १० सेंट मोजून कौल दिला, विषय संपला." तिथे तीन ओळी टंकायला बसलो होतो. त्या वाढत गेल्या, म्हणून हा वेगळा धागा. डोकं फिरलंय हे आधीच सांगतो.

कसला कौल? १९४० च्या आसपास १० सेंटांत ६४ पानं मिळायची आणि त्यात सात-आठ जणांच्या गोष्टी कोंबलेल्या असायच्या. पोरगं अंक उचलायचं ते मुखपृष्ठावरच्या गड्याला बघून. आतला सहाव्या नंबरचा गडी त्याला आवडला की त्याने ती पानं न वाचताच उलटली, हे विक्रीच्या आकड्यावरून कळणार कसं?

ग्रीन टर्टल घ्या. १९४४, ब्लेझिंग कॉमिक्स, पाच अंक आणि खेळ खल्लास. काढणारा चू हिंग, चिनी-अमेरिकन चित्रकार. नायक चीनमध्ये जपानी फौजेशी लढतो आणि त्याचा चेहरा आपल्याला बघायलाच मिळत नाही. कधी पाठमोरा, कधी ठोसा मारताना स्वतःचाच दंड तोंडाआड, कधी केप नेमकी आडवी आलेली. मागे कासवाची काळी सावली, तिला डोळे आहेत आणि ती हसतेय! सोबतचा बर्मा बॉय विचारतो की तुम्ही ग्रीन टर्टल झालात कसे, आणि हा सांगायला तोंड उघडतो तोच काहीतरी येऊन आदळतं. दर वेळी. सांगोवांगीची गोष्ट अशी की चू हिंगला नायक चिनी हवा होता, प्रकाशकाला नको होता, म्हणून पठ्ठ्याने चेहराच दाखवला नाही. लेखी पुरावा नाही. पण नायकाच्या अंगाला जो भडक गुलाबी रंग फासलाय तो एकदा बघा आणि मग बोला.

दुसरं, ऑल-नीग्रो कॉमिक्स. १९४७, फिलाडेल्फिया. पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी काढलेलं, लिहिणारे-काढणारे सगळे कृष्णवर्णीय. किंमत १५ सेंट. त्यात एस हार्लेम हा गुप्तहेर आणि लायन मॅन हा शास्त्रज्ञ. अंक एकच. का? दुसऱ्या अंकाची तयारी झाली होती, पण इव्हान्सना कोणी कागदच विकेना. वाचकाच्या हातात दुसरा अंक गेलाच नाही, मग रोखठोक, कौल कोणी दिला? कागदवाल्याने?

या दोघांना स्वतःची चालू मालिका मिळायला हवी होती. तुमची नावं सांगा.

रोखठोक

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

दोन करुण कहाण्या निवडायच्या आणि त्यांच्या आडून शंभर टुकार पात्रांना सहानुभूती मिळवून द्यायची, ही जुनी युक्ती आहे. प्रकाशक व्हिक्टर फॉक्सच्या कारखान्यातले केपवाले आठवा. त्यांचाच वंडर मॅन, मे १९३९ चा अंक, एकदाच दिसला आणि गेला. सुपरमॅनला लाल कपडे घातले आणि तिबेटी योग्याची अंगठी दिली की झाला नवा नायक! त्यालाही हवी का 'चालू मालिका'?

कागदाचं म्हणाल तर युद्धकाळात कागदावर नियंत्रण सगळ्यांनाच होतं. सुपरमॅनला पण.

चुलीपाशी

रेड टोर्नाडो!! आणि तो नंतरचा यंत्रमानव नाही. मूळची. मा हंकेल.

१९४०, काढणारा शेल्डन मायर. किराणा दुकान चालवणारी दणकट बाई. गुंड पोरीला पळवतात तेव्हा लाल लोकरी आतले कपडे चढवते, डोक्यावर भोकं पाडलेलं पातेलं उपडं घालते आणि निघते. ना शक्ती, ना अंगठी, ना कोणी योगी. ऑल स्टार कॉमिक्सच्या तिसऱ्या अंकात सगळे नामवंत नायक पहिल्यांदा जेवायला एकत्र जमलेत, तिथे ही बया येते आणि पँट फाटली म्हणून निघून जाते. मी हसून हसून मेले होते.

आणि १९६८ मध्ये तिचं नाव उचलून दिलं कोणाला? एका यंत्रमानवाला! बाईचं पातेलं चेष्टेचं आणि पत्र्याचा पुतळा मात्र गंभीर नायक. बाई मध्यमवयीन आणि जाड आहे म्हटल्यावर तिला विनोदी पुरवणीतच ठेवायची, हे ठरलेलंच. कचेरीत पण हेच बघते मी. काम आमचं आणि सादरीकरणाला दुसराच कोणीतरी उभा.

रोखठोक

@चुलीपाशी, मा हंकेल स्क्रिबली या दुसऱ्या पात्राच्या पानांमध्ये १९४४ पर्यंत होती. चार वर्षं. ही 'अल्पायुषी'?

चुलीपाशी

भाडेकरू म्हणून चार वर्षं राहिली हो. स्वतःचं घर मिळालं का? मूळ प्रश्न स्वतःच्या मालिकेचा होता, तो नीट वाचा, मग मोजमाप करा.

नस्ती_उठाठेव

रोखठोक यांनी वंडर मॅन काढलाच आहे, तर त्याचं मरण नीट सांगायला हवं. त्याला वाचकाने नाही, न्यायालयाने मारलं. सुपरमॅनच्या प्रकाशकाने, म्हणजे डिटेक्टिव्ह कॉमिक्सने, फॉक्सच्या ब्रुन्स पब्लिकेशन्सवर नकलेचा दावा लावला आणि १९४० मध्ये अपिलातही जिंकला. न्यायमूर्ती ऑगस्टस हँड यांनी लिहिलं की दोघांत खरा फरक एवढाच, एकाचा पोशाख निळा आणि दुसऱ्याचा लाल.

पण खरी गंमत साक्षीची आहे. वंडर मॅन काढला होता चित्रकार विल आयस्नरने, तेव्हा वय २२. त्याने १९८६ च्या आत्मकथनवजा चित्रकथेत असं रंगवलं की मालक खोटं बोल म्हणत असतानाही आपण कोर्टात खरं सांगितलं: हो, नक्कलच करायला सांगितलं होतं. पन्नाशी-साठीतली पिढी ही गोष्ट ऐकून गहिवरायची. २०१० मध्ये साक्षीचे मूळ कागद बाहेर आले, तर त्यात आयस्नरसाहेबांनी फॉक्सचीच बाजू उचलून धरलेली. कल्पना माझीच, नक्कल नाही!

शाईचा_डाग

हे रोचक आहे, पण मूळ विषय पात्रांचा होता.

हळद_पिवळी

@नस्ती_उठाठेव, आयस्नरला खोटारडा म्हणताय? २२ वर्षांचं पोर, मालक पैसे देणार की नाही याची धास्ती. तुम्ही २२ व्या वर्षी साहेबासमोर काय दिवे लावले होते?

नस्ती_उठाठेव

२२ व्या वर्षीचं खोटं मी समजू शकतो. मी स्वतः पहिल्या नोकरीत, जे काम मी बघितलंही नव्हतं, त्याच्या तपासणीच्या कागदावर सही केली होती. वरिष्ठ टेबलापाशी उभे होते, पेनचं टोपणही त्यांनीच काढून दिलं. अजून तो कागद आठवला की कसंतरी होतं. पण ६९ व्या वर्षी त्याच प्रसंगाचं चित्र काढायचं आणि त्यात स्वतःला हरिश्चंद्र करायचं, हे नाही पटत.

हळद_पिवळी

चित्रकथा होती ती, प्रतिज्ञापत्र नव्हतं. पात्रांची नावं पण बदललेली आहेत. आणि माणूस २००५ ला गेला, कागद आले २०१० ला. उत्तर द्यायला तो आहे का? मेलेल्या माणसाला पिंजऱ्यात उभं करायला काय जातंय.

नस्ती_उठाठेव

मुलाखतींमध्येही हेच सांगायचे ते. तिथे नावं बदललेली नव्हती.

हळद_पिवळी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

पॉपकॉर्नवाला

अरे टाका ना परत, मी वाचत होतो 😀

जुनी_रद्दी

मला कोणी विचारत नाही, पण बोलतो. या सगळ्या पात्रांचं दुसरं मरण पुनर्मुद्रणात झालंय. मूळ छपाई चार शायांची, स्वस्त कागदावर, जवळून बघितलं तर ठिपकेच ठिपके. गालाचा रंग म्हणजे लाल-पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी, एखाद्या चौकटीत लाल रंग ओठ सोडून हनुवटीवर घसरलेला. आता काय, तर चकचकीत कागद आणि संगणकाने चढवलेल्या गुळगुळीत छटा. कागद जो पिवळसर होता त्याच्यावर मऊ दिसणारा रंग पांढऱ्याशुभ्र कागदावर डोळ्यांत घुसतो. ग्रीन टर्टलच्या 'भडक गुलाबी'चा पुरावा देताना तुम्ही मूळ पान बघितलं की नव्याने रंगवलेलं, @शाईचा_डाग?

शाईचा_डाग

मूळ पानांचे स्कॅन बघितले. गुलाबीच आहे. पण मुद्दा मान्य, नव्याने रंगवलेलं बघून असं म्हणणाऱ्याचा मी पण गळा धरला असता.

हळद_पिवळी

आता विषयावर. मी शाईच्या डागाच्या विरुद्ध आहे, पण रोखठोकच्या बाजूने नाही. ही पात्रं लवकर गेली तेच बरं झालं. फँटोमा बघा. जंगल कॉमिक्स, फेब्रुवारी १९४०, काढणारा फ्लेचर हँक्स. सोनेरी केसांची सुंदर बाई, चिडली की चेहऱ्याची निळी कवटी होते, पण केस तसेच राहतात, जागचे हलत नाहीत. पापी माणसाला ती अशा काही शिक्षा देते की वाचताना घाम फुटतो. हँक्स १९४१ ला धंद्यातून बाहेर पडला. पात्र पुढे १९४४ पर्यंत चालू ठेवलं, दुसऱ्यांच्या हातून. कवटी गेली, बाई हरवलेल्या नगरीची राणी वगैरे झाली. म्हणजे त्या काळी डझनाने मिळणारी आणखी एक जंगलराणी.

घ्या तुमची चालू मालिका! ग्रीन टर्टल पन्नास अंक चालला असता तर एकविसाव्यात कोणीतरी त्याचा चेहरा दाखवलाच असता.

शाईचा_डाग

हे झोंबलं. उत्तर सुचेपर्यंत चहा घेतो.

सातवा_अंक

वाचनमात्र होतो, आज लिहितोच. १९९४ मध्ये शिकायला अमेरिकेत गेलो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात जमिनीवर ठेवलेल्या खोक्यात बॅट लॅशचा अंक मिळाला, क्रमांक ७, मुखपृष्ठ गायब. डीसी या प्रकाशकाचं काउबॉयवालं कॉमिक. टोपीत फूल खोचणारा, चांगलंचुंगलं खायची आवड असलेला, मारामारी नको म्हणत म्हणत सगळ्यांना लोळवणारा बंदूकबाज. चित्रं निक कार्डीची. एका गोष्टीतच प्रेमात पडलो.

मग क्रमांक ८ शोधायला लागलो. तीन वर्षं. जिथे जाईन तिथे खोकी उपसायचो. १ ते ६ सगळे मिळाले, एकेक करून. आठवा मिळेना. एका दुकानदाराने तर "गेल्याच महिन्यात विकला गेला" असंही सांगितलं! शेवटी एका प्रदर्शनात म्हाताऱ्या विक्रेत्याला विचारलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला आधी वाटलं माझे उच्चार चुकले. म्हणाला, बाळा, आठवा निघालाच नाही. १९६८-६९, सातच अंक.

मी क्रमांक ८ साठी प्लास्टिकची पिशवी आणि मागचा पुठ्ठा सुद्धा आणून ठेवला होता.

चुलीपाशी

अरे देवा. आणि तो "गेल्याच महिन्यात" वाला! असा एक माणूस प्रत्येक दुकानात असतो.

रोखठोक

@सातवा_अंक, कथा छान, दंडवत. पण यातून सिद्ध काय झालं? तुम्हाला आवडला म्हणजे १९६९ च्या वाचकाला आवडला असं नाही. तीन वर्षं तुम्ही एकटेच शोधत होतात.

सातवा_अंक

सिद्ध करायला नव्हतं सांगितलं.

शाईचा_डाग

चहा झाला. @रोखठोक, कॅप्टन मार्व्हल. चाळीसच्या दशकात काही काळ सुपरमॅनपेक्षा जास्त खपणारा. त्याच्यावरही तसाच दावा, १९५३ ला त्याच्या प्रकाशकाने, फॉसेटने, ४ लाख डॉलर मोजून तडजोड केली आणि पात्र बंद केलं. लाखोंनी १० सेंटचा कौल दिलेला होता, तरी मेला. तुमचा बाजार कुठे होता तेव्हा? आणि बिचाऱ्या सातव्या अंकवाल्याला कोपऱ्यात घेऊन पुरावे काय मागताय, लाज वाटत नाही?

रोखठोक

लाज काढू नका. १९५३ पर्यंत फॉसेटचा खप बराच घसरला होता, म्हणून तर तडजोड केली. बारा वर्षं कोर्टात लढले तेव्हा विक्री होती, विक्री गेली तसा लढायचा उत्साह गेला. म्हणजे शेवटी बाजारच.

ऑल-नीग्रो कॉमिक्सपुरतं मान्य. तिथे बाजाराला संधीच मिळाली नाही. एक दिलं. फ्रेम करून लावा.

शाईचा_डाग

लावतो. आतल्या अक्षरांवर नवा रंग चढवू नका म्हणजे झालं, जुनी_रद्दी ओरडतील.

@हळद_पिवळी, तुमच्या मुद्द्याला अर्धंच उत्तर आहे. २०१४ मध्ये लेखक जीन लुएन यांग आणि चित्रकार सॉनी लिऊ यांनी ग्रीन टर्टल परत आणला, तोही सरळ चिनी-अमेरिकन मुलगा म्हणून. हक्क कोणाचेच उरले नव्हते, म्हणून आणता आला. चेहरा दाखवला आणि तरी पात्र मेलं नाही.

हळद_पिवळी

एका पुस्तकात. सहा भाग, सुरुवात आणि शेवट असलेली गोष्ट. चालू मालिका नाही. तुम्ही माझाच मुद्दा मांडताय, आभारी आहे.

नस्ती_उठाठेव

आयस्नरबद्दल माझं अजून संपलेलं नाही. फॉक्सने त्याचे पैसे थकवले होते की नाही यावर वेगळा धागा काढू का?

पॉपकॉर्नवाला

काढा!

चुलीपाशी

नको!!

रोखठोक

ते ग्रीन टर्टलचे पाच अंक स्कॅन केलेले कुठे मिळतात? सहज विचारतोय. पाच अंकांत एकदाही चेहरा नाही हे मला पटत नाही. कुठेतरी चुकलाच असेल चित्रकार. शोधून देतो.

शाईचा_डाग

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. शुभेच्छा.

रोखठोक

तिसऱ्या अंकावर आहे. कोणी काही बोलू नका.